पुडीतल्या दोन गोळ्या

माझ्या आत्याचे गुडघे बरीच वर्षं दुखायचे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ती सुट्या गोळ्या आणायची. कागदाच्या पुडीत एक गुलाबी आणि एक बारीक पांढरी. "दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो," असं ती सगळ्यांना सांगायची. एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना तिला घेरी आली. आदल्या दिवसापासून शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होत होतं, हे तेव्हा कळलं. पोटात मात्र एकदाही दुखलं नव्हतं. एंडोस्कोपीत जठरात रक्त झिरपणारा अल्सर दिसला. गुलाबी गोळी डायक्लोफेनॅक या अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकाची निघाली, पांढरी डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टेरॉइडची.

जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की त्यात मांससुद्धा विरघळतं. तरी जठर स्वतः पचून जात नाही, कारण त्याच्या आतल्या अंगावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि त्या थरात आम्ल मारणारं बायकार्बोनेट पाझरत असतं. हा थर राखायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं लागतात. सांध्यात सूज आणि वेदना निर्माण करण्यातही त्यांचाच हात असतो. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्यांना १९८२ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. गुडघ्याची सूज उतरवणारी गोळी जठराचं अस्तर का उघडं पाडते, ते इथे उलगडतं.

"गोळी पोटाला लागते, त्यापेक्षा इंजेक्शन घेतलेलं बरं," हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. तो गैरसमज आहे. मुख्य नुकसान गोळी जठराला चिकटून होत नाही, औषध रक्तातून तिथे पोचल्यामुळे होतं. म्हणून इंजेक्शन घेतलं किंवा आतड्यात विरघळणारी गोळी घेतली, तरी धोका उरतोच. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होईल, अल्सरपासून संरक्षण मिळेलच असं नाही. अ‍ॅस्पिरिनमुळे तर रक्तातल्या प्लेटलेट्सही निकामी होतात. त्या पुन्हा कामाला लागत नाहीत, नव्या तयार व्हाव्या लागतात. म्हणजे जखम झाली की रक्त लवकर थांबतही नाही.

स्टेरॉइडची गोष्ट थोडी वेगळी. एकट्या स्टेरॉइडने अल्सरचा धोका फारसा वाढत नाही. मात्र झालेली जखम भरून येण्याचं काम ते मंदावतं आणि दुखणंही झाकून ठेवतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात वयस्कर रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड आणि असं वेदनाशामक यांपैकी कुठलंच औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत, दोन्ही एकदम घेणाऱ्यांना अल्सरचा धोका सुमारे १५ पट आढळला. आत्याच्या पुडीत नेमकी हीच जोडी होती. सांधेदुखीच्या "आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या चूर्णांतही अशी भेसळ सापडलेली आहे, याचा मला खरोखर संताप येतो. घेणाऱ्याला आपण स्टेरॉइड घेतोय याचा पत्ताच नसतो.

वय ६५ च्या पुढे, आधी कधी अल्सर झालेला, रक्त पातळ करणारी गोळी चालू किंवा पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. ते आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी जोडीला देतात किंवा वेदनाशामकच बदलतात. साध्या दुखण्याला योग्य मात्रेतलं पॅरासिटामॉल जठराला बरंच सोसतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण शौचाला डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं झालं, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावं.

हे वाचून कोणी घरातलं स्टेरॉइड मात्र एकाएकी बंद करू नये. बरेच दिवस ते बाहेरून मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करतात. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. आत्याचंही स्टेरॉइड डॉक्टरांनी आठवड्याआठवड्याने थोडं थोडं उतरवलं.