तळणीच्या तेलाचं डिझेल: याची सुरुवात कुठली?

चवथीला आमच्या घरी नेवऱ्या तळून झाल्या की कढईत अर्धा-पाऊण लिटर तेल उरतं, आणि किनाऱ्यावरच्या शॅक-हॉटेलांत तर सीझनभर रोजच उरतं, त्याचं डिझेल होतं म्हटलं की लोकांना काहीतरी नवीनच वाटतं. पण मुळात 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि ते इतकं सुरळीत चाललं की बघणाऱ्या बहुतेकांना कळलंसुद्धा नाही.

पुढे खनिज तेल स्वस्त झालं नि हे मागे पडलं. दुसरी अडचण म्हणजे खायचं तेल घट्ट, त्यानं इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर चोंदतात. यावर 1937 मध्ये बेल्जियमचे संशोधक शावान यांनी पेटंट घेतलं, तेलात अल्कोहोल घालून ते पातळ करायचं, आणि 1938 मध्ये ब्रसेल्स ते लूव्हेन अशी बस पाम तेलापासून केलेल्या इंधनावर धावली. आजही रीत तीच, मिथेनॉल (एक अल्कोहोल) आणि थोडा कॉस्टिक सोडा, ग्लिसरीन तळाला बसतं, वर बायोडिझेल. फक्त तळलेल्या तेलात पाणी आणि आम्ल जास्त असतं, ते आधी काढलं नाही तर डिझेलऐवजी साबणच होतो, म्हणून गाळणं-सुकवणं हे खरं कष्टाचं काम.

आपल्या देशात आधी सगळा भर जट्रोफावर, म्हणजे बियांतून न खायचं तेल देणाऱ्या झुडपावर होता. 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत इंधनात 20 टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं, ते काही जमलं नाही. वापरलेल्या तेलाकडे लक्ष गेलं ते आरोग्यामुळे, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण काळं झालेलं तेल स्वस्तात छोट्या गाड्यांवर जातं आणि तिथं खाणारी आपलीच माणसं असतात. एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, 1 जुलै 2018 पासून तेलातल्या पोलर घटकांना (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की हे वाढतात) 25 टक्क्यांची मर्यादा घातली, त्याच्या वर गेलं की ते तेल बाद, आणि ऑगस्टमध्ये हे बाद तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची 'रुको' मोहीम आली. 2019 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी 100 शहरांत असं बायोडिझेल विकत घ्यायची तयारी दाखवली.

पण तेलाचा हिशेब ठेवायचा नियम दिवसाला 50 लिटरच्या वर तळणाऱ्यांना, घरातलं तेल त्यात येतच नाही. आमचं तेल मी बाटलीत भरून ठेवते, मोरीत ओतवत नाही.