जेलीफिशचे उद्रेक आणि सागरी पोषकद्रव्यांचे चक्र

समुद्राच्या एखाद्या भागात जेलीफिशची संख्या अल्पावधीत प्रचंड वाढते, तेव्हा त्याला जेलीफिशचा उद्रेक म्हणतात. तळाला चिकटलेले पॉलिप (जेलीफिशची बालावस्था) अनुकूल तापमान मिळताच चकत्यांसारखी पिल्ले एकापाठोपाठ एक सोडतात आणि त्यांचेच तरंगते जेलीफिश होतात. शरीरात ९५ टक्के पाणी असले, तरी थव्याने आलेला हा जीव नायट्रोजन, फॉस्फरस व कार्बन यांच्या वाटा बदलतो.

जेलीफिश कोपेपॉडसारखे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) आणि माशांची अंडी-पिल्ले खातात. प्रथिनांतील बराच नायट्रोजन ते अमोनियमच्या रूपात पाण्यात सोडतात. वनस्पतिप्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना) तो लगेच वापरता येतो. त्यातच वनस्पतिप्लवकांवर चरणारे कोपेपॉड घटलेले, त्यामुळे वाढीला दुहेरी बळ मिळते. अर्थात नदीच्या पाण्यातून भरपूर पोषकद्रव्ये येत असतील, तर जेलीफिशचा वाटा किरकोळच ठरतो. पलाऊतील जेलीफिश सरोवरातला सोनेरी जेलीफिश तर उलट वागतो. त्याच्या ऊतींत शैवाल राहते आणि अमोनियम बाहेर पडण्याऐवजी बव्हंशी तेच वापरते.

जेलीफिशच्या बुळबुळीत स्रावाकडे पूर्वी फारसे लक्ष गेले नव्हते. त्यात नायट्रोजनच्या मानाने कार्बन जास्त असतो. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातील जेलीफिशवरील २०११ च्या अभ्यासात दिसले, की जिवाणू हा स्राव झटपट संपवतात, पण त्यातला बराच कार्बन वाढीऐवजी श्वसनात खर्ची घालतात. म्हणजे जो कार्बन अन्नसाखळीतून माशांपर्यंत पोहोचला असता, तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो.

काळ्या समुद्रात १९८० च्या दशकात जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून) आलेल्या निमिओप्सिस या जेलीसारख्या जीवाने प्राणिप्लवक फस्त केले. अतिमासेमारीने आधीच खचलेला अँचोव्ही या छोट्या माशाचा साठा कोसळला. (निमिओप्सिस हा खरा जेलीफिश नव्हे, कंकतधर प्राणी, म्हणजे अंगावर कंगव्यासारख्या केसांच्या रांगा असलेला; परिणाम मात्र त्याच जातीचा.) १९९७ मध्ये निमिओप्सिसलाच खाणारा बेरोई हा दुसरा कंकतधर प्राणी तिथे आढळला आणि प्राणिप्लवक पुन्हा सावरू लागले.

उद्रेक ओसरला की मृत शरीरे बुडतात. उथळ खाडीत ती कुजताना तळाचा प्राणवायू संपतो, पण सुटलेले अमोनियम व फॉस्फेट पाणी घुसळले की पुन्हा वरच्या उजेडाच्या थरात येतात. खोल समुद्रात ही पोषकद्रव्ये वर्षानुवर्षे प्लवकांच्या आवाक्याबाहेर राहतात. ओमानजवळ अरबी समुद्राच्या तळावर अशा मृत जेलीफिशचे थर आढळले आहेत. मात्र थर साचतोच असे नाही: नॉर्वेच्या सोग्नेफ्योर्डमध्ये हजार मीटरहून खोल ठेवलेली जेलीफिशची कलेवरे हॅगफिश (ईलसारखा लांबट, जबडा नसलेला जलचर) व कवचधारी मृतभक्षकांनी काही तासांतच फस्त केली.