आधी पावती, मग पैसे?

गेल्या डिसेंबरात पणजीतल्या एका हॉटेल-बुकिंगच्या कार्यालयातून मला बोलावणं आलं. त्यांच्या लॉगप्रमाणे, म्हणजे यंत्रानं वेळेसह ठेवलेल्या नोंदींप्रमाणे, गिऱ्हाइकाला पावती गेली ७:४२:११ ला आणि पैसे जमा झाले ७:४२:१३ ला. पैशांआधी पावती! संशय साहजिकच प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीवर आला. तिचा प्रोग्रॅम मात्र बिनचूक होता.

काम तीन सर्व्हरांवर वाटलेलं होतं. अशा वेळी एका बुकिंगचा माग तीन यंत्रांच्या लॉगमध्ये विखुरतो, म्हणून सगळ्या नोंदी नेटवर्कवरून एका मध्यवर्ती सर्व्हरवर धाडतात. त्यासाठीची सिसलॉग ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या ईमेल-प्रणालीसाठी काढली. तिचा जुना मार्ग यूडीपी, म्हणजे निरोप नुसता सोडून देण्याची नेटवर्कची रीत. त्यात पोच मिळत नाही. गर्दीत नोंदी गळतात, आणि नेमक्या त्याच नोंदी आपल्याला हव्या असतात. म्हणून पोच घेणारा टीसीपी वापरावा, मध्यवर्ती सर्व्हर बंद पडला तर नोंदी डिस्कवर रांगेत थांबतील अशी सोय करावी, आणि प्रत्येक बुकिंगला एकच क्रमांक देऊन तो तिन्ही यंत्रांच्या नोंदींत उमटवावा. यातलं बरंचसं त्यांनी केलं होतं.

पण नोंदी एकत्र आल्या म्हणजे क्रम कळला, हा गैरसमज आहे. नोंदीवरची वेळ ज्या त्या यंत्राच्या घड्याळाची असते. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक दहा लाखांत २० भाग चुकला, तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंदांचा फरक पडतो. पैशांच्या सर्व्हरचं घड्याळ तसंच पुढे गेलं होतं. त्या रॅकला लिंबू-मिरची टांगलेली होती, आणि सर्व्हर राहूकाळात सुरू केला म्हणून हे झालं, असं एकानं मला मनापासून सांगितलं. स्फटिकाच्या कंपनांवर परिणाम होतो तो तापमानाचा. एसी नीट चालतोय का ते बघा, राहूला यात ओढू नका.

घड्याळं जुळवणारी एनटीपी ही पद्धत डेव्हिड मिल्स यांची. १९८५ साली ती प्रसिद्ध झाली. मला ती फार सुंदर वाटते. समजा, मी रायबंदरच्या धक्क्यावर आहे आणि माझं घड्याळ चुकलेलं आहे. माझ्या १०:०० ला मी चिठ्ठी फेरीबोटीनं चोडणला धाडली. तिथल्या मित्राच्या अचूक घड्याळात ती १०:१७ ला पोचली, त्यानं १०:१९ ला उत्तर धाडलं आणि ते मला माझ्या १०:१६ ला मिळालं. माझ्या घड्याळानं एकूण १६ मिनिटं गेली, त्यातली २ मित्राकडे. उरली १४, म्हणजे एका बाजूला ७. चिठ्ठी माझ्या १०:०७ ला पोचली असणार, तेव्हा तिथे वाजले होते १०:१७. मी १० मिनिटं मागे आहे! प्रवासाला किती वेळ लागतो हे आधी ठाऊक नसताना, चार वेळांवरून प्रवास आणि चूक दोन्ही निघाली.

अट एकच, जाण्यायेण्याला सारखा वेळ लागला पाहिजे. जाताना बोट चुकून चिठ्ठी ६ मिनिटं धक्क्यावर पडून राहिली, तर हिशेब ३ मिनिटांनी चुकतो. म्हणून एनटीपी पुनःपुन्हा विचारतं आणि कमी वेळात आलेल्या उत्तरांवर जास्त विश्वास ठेवतं. चूक लहान असेल तर घड्याळाला धक्का न देता त्याची गती सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद बदलतं. घड्याळ एकदम मागे घेतलं तर त्याच यंत्राच्या नोंदी उलटसुलट होतील.

यापेक्षा बारीक अंतरावरच्या घटनांसाठी घड्याळ सोडून कार्यकारणाचा क्रम धरावा लागतो. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली ते मांडलं: प्रत्येक यंत्रानं घटनेगणिक आपला एक अंक वाढवत न्यायचा, निरोपासोबत तो धाडायचा, आणि निरोप मिळाला की आपला अंक निरोपातल्या अंकाच्या पुढे न्यायचा.

आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणं आणि घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणं बंधनकारक आहे. लॉग वाचायला एआय विकणारे पुष्कळ भेटतात. वेळाच चुकलेल्या असतील तर तेही पैशांआधी पावतीच दाखवणार.

आम्ही तिन्ही घड्याळं जुळवली आणि त्या मुलीनं एक बुकिंग करून पाहिलं. पैसे ४:०५:२०.११४, पावती ४:०५:२०.३९०. तिनं स्क्रीनवरच्या त्या दोन ओळी सगळ्यांना बोलावून दाखवल्या.