जॉर्ज स्नेल

जॉर्ज डेव्हिस स्नेल (१९ डिसेंबर १९०३ – ६ जून १९९६) हे अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ. एका शरीरातला पेशींचा तुकडा दुसऱ्या शरीरात लावला तर तो टिकणार की शरीर तो झिडकारणार, हे ठरवणारी जनुकं त्यांनी उंदरांमध्ये शोधून काढली आणि त्यासाठी १९८० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना बेनासेराफ आणि दोसे यांच्यासोबत मिळालं. बक्षीस इम्युनॉलॉजीतल्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्रातल्या कामाचं असलं तरी माणूस मुळात ब्रीडिंगवाला, म्हणजे कुठला नर कुठल्या मादीशी लावायचा आणि पिल्लांतलं कुठलं ठेवायचं यातच त्यांची सगळी हुशारी होती.

हार्वर्डला विल्यम कॅसल यांच्या हाताखाली उंदरांच्या जनुकांवर काम करून १९३० मध्ये पीएचडी झाली. मग टेक्सासमध्ये हर्मन मुलर यांच्याकडे गेले. मुलरनी फळमाश्यांवर एक्स-रे मारून म्युटेशन घडवून दाखवली होती, तसेच जनुकीय बदल सस्तन प्राण्यातही होतात हे स्नेलनी उंदरांवर दाखवलं. १९३५ ला ते मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत आले आणि १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

ही लॅब क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२९ मध्ये सुरू केली होती, आणि तिचं मुख्य भांडवल म्हणजे इनब्रेड उंदीर. सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग २० पिढ्या केला की त्या वाणातले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे होतात. एका वाणातली कॅन्सरची गाठ त्याच वाणाच्या दुसऱ्या उंदरात लावली तर वाढते, परक्या वाणात लावली तर बहुतेक वेळा विरघळून जाते. यामागे एक नाही तर बरीच जनुकं आहेत हे लिटलना आधीच कळलं होतं, पण ती एकमेकांत अशी मिसळलेली की एकेक वेगळं करून बघणार कसं?

स्नेलची युक्ती इथे कामाला आली. समजा क आणि ख असे दोन वाण आहेत. त्यांचा संकर करायचा, त्या पिल्लांचा आपसात संकर करायचा आणि नातवंडांच्या कातडीखाली क वाणाची गाठ टोचायची. मग काही आठवडे थांबायचं. गाठ वाढली तो उंदीर मरतो, आणि जो वाचला त्याच्यात गाठ नाकारणारं ख चं निदान एक जनुक आलेलंच असणार, म्हणून त्याला परत क शी लावायचं, पुढच्या पिल्लांचा पुन्हा आपसात संकर, पुन्हा गाठ, पुन्हा वाचलेले निवडायचे. उंदरीण तीनच आठवड्यांत विते तरी या सगळ्याला वर्षं लागतात. शेवटी हातात राहतो तो जवळपास पूर्ण क वाणाचा उंदीर, फक्त एका जागी ख चं जनुक असलेला. याला कंजेनिक वाण म्हणतात. इथे मृत्यूच चाळणीचं काम करतो, वाचायला जरा क्रूरच वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचा धागा सापडला तो शेपटीमुळे. ‘फ्यूज्ड’ नावाच्या म्युटेशनने उंदराची शेपटी वाकडी होते, पिंजऱ्यात नुसतं बघूनही कळतं, आणि हा गुण आणि गाठ नाकारायचा गुण बहुतेक वेळा जोडीनेच पुढे जातात असं स्नेलना दिसलं, म्हणजे दोन्हींची जनुकं जवळजवळ असणार. लंडनच्या पीटर गोरर यांनी १९३० च्या दशकातच उंदरांच्या रक्तपेशींवर ‘अँटिजेन २’ शोधलं होतं (अँटिजेन म्हणजे ज्यावरून शरीर परकं काय ते ओळखतं ती खूण). १९४६ च्या सुमारास ते बार हार्बरला आले आणि दोघांनी ताडून पाहिलं तर या अँटिजेनच्या आणि स्नेलच्या जनुकाची जागा एकच निघाली. स्नेलच्या ‘हिस्टोकॉम्पॅटिबिलिटी’ (म्हणजे ऊती एकमेकांशी जुळणं) या शब्दातला एच आणि गोररचा २ जोडून १९४८ मध्ये एच-२ हे नाव पडलं. गोरर १९६१ मध्ये गेले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, नाहीतर त्या यादीत त्यांचं नाव यायलाच हवं होतं असं माझं मत.

या सगळ्याच्या मध्येच ऑक्टोबर १९४७ ला बार हार्बरला भयंकर वणवा लागला, त्यात लॅब जळाली आणि बहुतेक उंदीर मेले. पण बाहेरच्या संशोधकांकडे आधी पाठवलेले उंदीर होते, त्यांनी ते परत दिले आणि वाण पुन्हा उभे राहिले.

पुढे कळलं की एच-२ हे एक जनुक नाही, उंदराच्या १७ व्या क्रोमोसोमवरचा जनुकांचा अख्खा झुबकाच आहे, आणि माणसात तेच काम ६ व्या क्रोमोसोमवरचं एचएलए करतं. किडनी बसवण्याआधी ‘मॅच’ बघतात तेव्हा मुख्यतः ब्लड ग्रुप आणि हेच एचएलए बघतात.

निवृत्तीनंतर स्नेल नीतिशास्त्राकडे वळले आणि त्यावर १९८८ मध्ये पुस्तकही काढलं. त्यांच्या हातचे वाण अजून वापरात आहेत, सी५७बीएल/१०एसएनजे या लांबलचक नावातला ‘एसएन’ म्हणजे स्नेल आणि ‘जे’ म्हणजे जॅक्सन लॅब.