वास्तवदर्शी ब्रिटिश गुन्हेमालिका

ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर १९६०च्या दशकापासून रुजलेला मालिकांचा एक प्रकार. खून, बलात्कार, अपहरण, अमली पदार्थांचा धंदा किंवा खुद्द पोलिसांचा भ्रष्टाचार हे त्याचे विषय. बहुधा तीन ते आठ भागांत संपणारी एकच गोष्ट, खऱ्या गावांत केलेले चित्रीकरण आणि कायद्याने हात बांधलेले पोलीस ही त्याची ओळख. श्रीमंताच्या हवेलीत खून आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून उलगडा, ही इंग्रजी रहस्यकथेची जुनी रीत. या मालिकांत मात्र खुनी कोण हे पुष्कळदा निम्म्यावर, कधी पहिल्याच भागात कळते. प्रेक्षक पुढे बसून राहतो तो वेगळ्या दोन प्रश्नांसाठी: हे कोर्टात सिद्ध होईल का, आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांचे पुढे काय होईल.

जडणघडण

१९५५ साली बीबीसीवर सुरू झालेल्या ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’मधला पोलीस म्हणजे गल्लीतला प्रेमळ काका होता. २ जानेवारी १९६२ रोजी ‘झेड-कार्स’ सुरू झाली आणि हे चित्र पालटले. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीवर बेतलेले ‘न्यूटाउन’, गाडीतून गस्त घालणारे तरुण शिपाई, आणि पहिल्याच भागात बायकोवर हात उचललेला पोलीस. पोलिसांच्या वरिष्ठांना हे रुचले नाही, पण मालिका १९७८पर्यंत चालली. ‘द स्वीनी’ने (१९७५–७८) स्टुडिओ सोडला. १६ मि.मी. फिल्मवर लंडनच्या रस्त्यांत, गोदामांत, पबांत चित्रण झाले आणि पडद्यावर खरी धूळ आली. १९७८च्या ‘लॉ अँड ऑर्डर’ने (याच नावाच्या अमेरिकी मालिकेशी तिचा संबंध नाही) पोलीस, गुन्हेगार, वकील आणि कैदी अशा चौघांच्या बाजूने चार भाग मांडले. खोटा पुरावा पेरणारा पोलीस त्यात नेहमीचे काम केल्यासारखा वागतो. त्यावर मोठा गदारोळ उठला.

१९९१च्या ‘प्राइम सस्पेक्ट’मध्ये हेलन मिरेनने साकारलेली डीसीआय (डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर) जेन टेनिसन एका खुन्याच्या मागे असते, आणि आपल्या हाताखालच्या पुरुषांशीही तिला रोज झगडावे लागते. मँचेस्टरमध्ये घडणारी ‘क्रॅकर’ (१९९३) गुन्हेगाराच्या रागाची मुळे शोधत गेली. तिच्या १९९४मधल्या एका कथेत १९८९च्या हिल्सबरो स्टेडियम दुर्घटनेची (फुटबॉल सामन्यातली जीवघेणी चेंगराचेंगरी) जखम उघडी केली आहे.

घड्याळ आणि रेकॉर्डर

या प्रकाराची खरी पकड समजून घ्यायची तर १९८४चा पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स अ‍ॅक्ट माहीत हवा. पोलीस आणि पटकथाकार दोघेही त्याला ‘पेस’ म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये संशयिताला ठाण्यात आणले की घड्याळ सुरू होते. आरोप न ठेवता त्याला २४ तास अडकवता येते. गुन्हा गंभीर असेल तर सुपरिंटेंडंट ही मुदत ३६ तासांपर्यंत वाढवू शकतो. त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते आणि कमाल मर्यादा ९६ तासांची. कोठडीचा ताबा तपासाशी संबंध नसलेल्या सार्जंटकडे असतो. सहा तासांनी, मग दर नऊ तासांनी अटकेची फेरतपासणी होते. वकील फुकट मिळतो. ‘अजून थोडा वेळ मिळेल का’ हा मालिकांतला हमखास प्रश्न येतो तो या आकड्यांमुळे.

जबाबाच्या खोलीतला क्रम ठरलेला असतो. रेकॉर्डर सुरू होतो, हजर असलेले सगळे आपापले नाव सांगतात, तारीख आणि वेळ बोलली जाते, मग इशारा दिला जातो: तुम्ही काही बोललेच पाहिजे असे नाही, पण पुढे कोर्टात ज्या गोष्टीचा आधार घ्याल ती आता विचारल्यावर सांगितली नाहीत, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते, जे बोलाल ते पुराव्यात येऊ शकते. यातले मधले कलम १९९४च्या कायद्याने आले, आणि त्यामुळे ‘नो कॉमेंट’ म्हणणाऱ्याचे मौनही जोखमीचे झाले. पोलिसाने छळले, धमकावले, आमिष दाखवले, तर कबुली बाद होऊ शकते. म्हणून या खोलीत मारझोड नसते. एक फोटो टेबलावर सरकवला जातो, एक वेळ पुन्हा विचारली जाते आणि समोरच्याच्या आधीच्या उत्तराशी ती जुळत नाही. जेड मर्क्युरिओच्या ‘लाइन ऑफ ड्यूटी’ने (२०१२–२१) पोलिसांचीच चौकशी करणारे एसी-१२ हे काल्पनिक पथक घेऊन असे प्रसंग वीस मिनिटांहूनही लांब नेले. रेकॉर्डरचा तो लांबलेला कर्कश सूर संपेपर्यंत कोणी बोलत नाही आणि सगळे एकमेकांकडे पाहत राहतात. तिच्या सहाव्या हंगामाचा शेवटचा भाग सुमारे १ कोटी २८ लाख लोकांनी पाहिला.

नियम मोडला तर काय होते, हे सहा भागांच्या ‘अ कन्फेशन’मध्ये (२०१९) दिसते. ही घटना खरी आहे. २०११ साली विल्टशायर पोलिसांचे डिटेक्टिव्ह सुपरिंटेंडंट स्टीव्ह फुल्चर यांनी, बेपत्ता तरुणी कदाचित जिवंत असेल या आशेने, संशयित क्रिस्टोफर हॅलिवेलला ठाण्यात न नेता एका टेकडीवर नेले आणि नव्याने इशारा न देता, वकील न देता प्रश्न विचारले. त्याने तिचा मृतदेह दाखवला, आणि आपणहून दुसऱ्या तरुणीचाही. न्यायालयाने २०१२मध्ये या कबुल्या ग्राह्य धरल्या नाहीत. पहिल्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली, दुसऱ्याची शिक्षा व्हायला २०१६ उजाडले, आणि फुल्चर यांच्यावर गंभीर गैरवर्तनाचा ठपका आला. या दुसऱ्या तरुणीच्या आईला आपली मुलगी सापडली ती त्यांनी नियम मोडला म्हणून, आणि तिला न्याय मिळायला वर्षे लागली तीही त्याच कारणाने. मालिका ही गाठ सोडवल्याचा आव आणत नाही. हा प्रकार श्रेष्ठ ठरतो तो अशा जागी.

गाव, हवा, माणसे

ब्रिटिश पोलीस बहुतांशी विनाशस्त्र असतात. बंदूक हवी तर खास प्रशिक्षित पथक बोलवावे लागते. त्यामुळे प्रसंग बोलण्यावर, धीरावर आणि वायरलेसवरच्या मदतीच्या हाकेवर तोलून धरावा लागतो. सॅली वेनराइटच्या ‘हॅपी व्हॅली’ची (२०१४, २०१६, २०२३, एकूण १८ भाग) सुरुवातच पाहावी. खेळाच्या मैदानात एक तरुण स्वतःला पेटवून घ्यायच्या बेतात आहे. सार्जंट कॅथरीन केवुड अग्निशामक नळकांडे आणि गॉगल घेऊन तिथे पोहोचते आणि त्याच्याशी बोलू लागते: वय ४७, घटस्फोटित, व्यसनातून सावरणाऱ्या बहिणीसोबत राहते, दोन मुलांपैकी एक गेलेले, दुसरे तिच्याशी बोलत नाही. दोन मिनिटांत पुढच्या १८ तासांची सगळी बीजे पेरली जातात, आणि तीही ड्यूटी करता करता. पश्चिम यॉर्कशायरचे काल्डर खोरे, बंद पडलेल्या कापड गिरण्या, दगडी चाळवजा घरे आणि हेरॉइन यांच्यातून ही गोष्ट उगवते. ती दुसरीकडे हलवता येणार नाही.

अशीच जागेची घट्ट वीण ‘शेरवुड’मध्ये (२०२२) आहे. नॉटिंगहॅमशायरच्या खाणगावात १९८४–८५च्या संपात कामावर गेलेले आणि न गेलेले यांच्यातले वैर कित्येक दशकांनीही जेवणाच्या टेबलावर हजर असते. बेलफास्टची ‘ब्लू लाइट्स’ (२०२३) आणि लिव्हरपूलची ‘द रिस्पॉन्डर’ (२०२२) साध्या गस्तीच्या शिपायांकडे वळल्या. दुसरीचा लेखक टोनी शूमाकर स्वतः पोलिसात होता, आणि रात्रपाळीचा थकवा तिच्या प्रत्येक संवादात जाणवतो.

कुठे फसते

सर्वांत मोठा धोका यशाचाच. सहा भागांत संपणारी गोष्ट लोकप्रिय झाली की हंगाम वाढतात, प्रत्येक हंगामाला आधीच्यापेक्षा मोठे कारस्थान लागते आणि शेवटी उत्तर तोकडे पडते. ‘लाइन ऑफ ड्यूटी’च्या शेवटावर अनेक प्रेक्षक नाराज झाले ते यामुळेच. दुसरा दोष जुना आहे: पहिल्या दृश्यात तरुणीचे प्रेत, आणि पुढे तिचे नावही कोणी काढत नाही. एकटा, दारू पिणारा, घर मोडलेला तपास अधिकारीही आता झिजला आहे. तपशिलांतही चुका होतात. डीएनएचा अहवाल एका रात्रीत येतो, आणि एकच डीसीआय दारे ठोठावण्यापासून जबाबापर्यंत सगळे करते.

खरा मोठा तपास कागदांत अडकून मरतो. यॉर्कशायर आणि मँचेस्टरमध्ये १३ स्त्रियांचा खून करणाऱ्या पीटर सटक्लिफची पोलिसांनी नऊ वेळा चौकशी केली होती, पण हाताने लिहिलेल्या असंख्य कार्डांतून त्या नोंदी एकत्र आल्या नाहीत. शिवाय खुनी म्हणवून घेणाऱ्या एका तोतयाच्या ध्वनिफितीने तपास भरकटवला. जानेवारी १९८१मध्ये सटक्लिफ सापडला तो शेफिल्डच्या गस्तीच्या पोलिसांनी गाडीची नंबर प्लेट तपासली म्हणून. या अपयशानंतर ‘होम्स’ ही संगणकप्रणाली आली. ‘द लाँग शॅडो’ने (२०२३) सात भागांत हीच हकिकत मृत स्त्रियांच्या कुटुंबांच्या बाजूने सांगितली.

मराठी प्रेक्षकासाठी

हुद्द्यांचा घोळ आधी मिटवावा. ‘डिटेक्टिव्ह’ म्हणजे वरचा हुद्दा नव्हे. डिटेक्टिव्ह सार्जंट आणि गणवेशातला सार्जंट एकाच पायरीवर असतात. उतरंड अशी: कॉन्स्टेबल, सार्जंट, इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडंट, चीफ सुपरिंटेंडंट. आपल्याकडचा पोलीस अधीक्षक जिल्ह्याचा प्रमुख असतो, तिकडचा सुपरिंटेंडंट तसा नसतो. बहुतेक दलांचा प्रमुख चीफ कॉन्स्टेबल. ‘ब्रीफ’ म्हणजे वकील, ‘निक’ म्हणजे ठाणे, ‘ग्रास’ म्हणजे खबऱ्या. यॉर्कशायर, लिव्हरपूल आणि बेलफास्टचे उच्चार चांगल्या इंग्रजी जाणणाऱ्यालाही जड जातात, तेव्हा सबटायटल लावूनच पाहावे. स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे, म्हणून ग्लासगोच्या ‘टॅगर्ट’ला वरचे आकडे लावू नयेत.

‘ल्युथर’ (२०१०) या मालिकेवरून राजेश मापुसकर यांनी मुंबईत घडणारी ‘रुद्र’ (२०२२) दिग्दर्शित केली, आणि बीबीसीच्या ‘क्रिमिनल जस्टिस’वरून (२००८) त्याच नावाची हिंदी मालिका २०१९मध्ये आली. अशा रूपांतरात एक अडचण कायद्याचीच असते. भारतात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. ब्रिटिश मालिकेचा कळस ज्या टेबलावर होतो, तेथे हिंदी मालिकेतल्या आरोपीने सगळे कबूल केले तरी खटला जिंकला जात नाही. रूपांतरकाराला कळस दुसरीकडे, बहुधा कोर्टात किंवा रस्त्यावर, शोधावा लागतो.