जलपर्णीवरचा सोंड्या आणि सूर्यफुलाची धास्ती
सोलापूरचा कंबर तलाव पुन्हा जलपर्णीने भरला आणि ती काढायचं टेंडर निघालं की "त्यापेक्षा किडे सोडा की" असं कुणीतरी म्हणतंच. त्यावर लगेच उलटा सवाल येतो: "आणि ते पिकावर आले मग?"

ही धास्ती पाण्यातली नाही, गाजर गवतातली आहे. १९८३ साली गाजर गवतासाठी मेक्सिकोहून एक भुंगेरा बंगळुरूत आणला. काही वर्षांनी कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि गदारोळ उठला. चौकशी समितीही बसली. गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्यांच्यामुळे भुंगेरा ते पान कुरतडतो, असं संशोधनातून पुढे आलं. पण सूर्यफूल पेरणाऱ्या सोलापूरकडे खुलासा पोचला कमी, भीती जास्त.

जलपर्णीवरचा किडाही त्याच सुमारास, अमेरिकेमार्गे आला. मूळ अर्जेंटिनाकडचा, फ्लोरिडात १९७२ मध्येच सोडलेला. आपण त्यालाही सरसकट 'भुंगा'च म्हणतो आणि घोळ इथेच होतो. तो खरं तर सोंड्या, धान्यातल्या सोंड्यांच्या गोतावळ्यातला, जेमतेम पाच मिलिमीटरचा. रात्री पानावर चौकोनी खरवडे काढतो. अळी देठ पोखरत बुडख्यापर्यंत उतरते. कोष मात्र पाण्याखाली, जलपर्णीच्या जिवंत मुळांना चिकटून होतो. ती मुळंच नसतील तर त्याची पुढची पिढी होत नाही. ज्वारीच्या रानात तो काय करणार?

किड्यांकडून तण खाववणं आपल्याकडे तसं जुनंच आहे. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकातच निवडुंगावर ते करून झालंय. १९८०च्या दशकात केरळात पाण्यातल्या दुसऱ्या एका तणावर वेगळा सोंड्या चांगला चालला. जलपर्णीच्या सोंड्याने बंगळुरूच्या काही तलावांत काम केलं, पण त्याला वर्षं लागली आणि पाणी सांडपाण्याचं असेल तर जलपर्णी त्याच्यापेक्षा जोरात वाढते. पुण्याचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनीबद्दल म्हणूनच फार आशा धरवत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. एकीकडे किडे सोडायचे आणि दुसरीकडे पोकलेनने तलाव एका दमात साफ करायचा, हे दोन्ही एकत्र चालत नाही. अळ्या देठात असतात, कोष मुळांत. जलपर्णीचा ढीग काठावर टाकला की तेही उन्हात वाळतात. एखादा कोपरा तरी न काढता ठेवावा लागतो, आणि टेंडरचं बिल निघतं ते काढलेल्या टनांवर.