आन्योने

आन्योने : इटलीच्या मोलिसे प्रांतातील इझेर्निया जिल्ह्यातले डोंगरी गाव. समुद्रसपाटीपासून ८०० मीटरांहून अधिक उंचीवर, वेर्रिनो नदीच्या खोऱ्यावर आलेल्या खडकाळ सोंडेवर ते वसले आहे. लोकवस्ती पाच हजारांच्या आत. चर्चच्या घंटा ओतण्याची परंपरा आणि डिसेंबरातली मशालींची मिरवणूक या दोन गोष्टींमुळे ते इटलीभर ओळखले जाते. तांबटकाम, टांगून मुरवलेले चीज आणि मिठाई यांसाठीही त्याचे नाव घेतले जाते.

या भागात धातूवर देवाधर्माचे लिहिण्याची रीत ख्रिस्तपूर्व काळापर्यंत मागे जाते. १८४८ मध्ये आन्योने आणि काप्राकोत्ता यांच्या दरम्यान एक लहान कांस्यपट सापडला. तो दोन्ही बाजूंनी कोरलेला असून त्यावर ऑस्कन या प्राचीन इटालियन भाषेत केर्रेस या धान्यदेवतेच्या आवारातील देवता आणि तिथले विधी यांची यादी आहे. टांगण्यासाठी त्याला साखळी आहे. १८७३ पासून तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या पटाचा आणि आजच्या घंटांचा अखंड धागा असल्याचे गावात कौतुकाने सांगतात, पण त्याला पुरावा नाही.

घंटा : मारीनेल्ली घराण्याचा ओतकामाचा कारखाना युरोपातल्या सर्वांत जुन्या चालू कारखान्यांपैकी एक आहे. निकोदेमो मारीनेल्ली याचे नाव १३३९ सालच्या घंटेशी जोडले जाते. त्याआधीचा इतिहास घराण्याच्या परंपरेतून आलेला आहे. १९२४ मध्ये पोप अकरावे पायस यांनी कारखान्याला पोपचे राजचिन्ह वापरण्याचा मान दिला. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या मोन्ते कासीनो मठाच्या नव्या घंटा इथेच ओतल्या गेल्या. कारखान्याला लागून घंटांचे संग्रहालय असून त्याला पोप दुसरे जॉन पॉल यांचे नाव दिले आहे. ते स्वतः १९ मार्च १९९५ रोजी इथे येऊन गेले होते.

घंटेचा स्वर धातू वितळण्याच्या कितीतरी आधी, आकारात ठरतो. ओतारी घंटेच्या अर्ध्या छेदाची लाकडी फळी कापतो आणि ती उभ्या दांड्याभोवती फिरेल अशी बसवतो. व्यास, जाडी आणि वजन यांची प्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या मोजपट्टीवरून घेतात. सगळी मापे निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो आणि वजन आठव्या हिश्श्यावर येते. सुमारे १ मीटर व्यासाची घंटा साधारण सहाशे किलो भरते. टोल (आत लोंबणारा लोलक) जिथे आपटतो तिथे घंटा सर्वांत जाड असते. ही जाडी व्यासाच्या सुमारे तेराव्या-चौदाव्या भागाइतकी ठेवतात. ओतल्यावर आतून धातू खरवडून स्वर थोडा उतरवता येतो, पण फारसा चढवता येत नाही. म्हणून फळी कापतानाची चूक सर्वांत महागात पडते.

साच्याचे तीन थर असतात. पहिला गाभा : विटांचा, आतून पोकळ, बाहेरून चिकणमाती लिंपलेला. फळी फिरवत फिरवत मातीला घंटेच्या आतल्या पोटाचा आकार देतात. पोकळीत कोळशाचा विस्तव ठेवून तो आतून वाळवतात. दुसरा थर म्हणजे खोटी घंटा. गाभ्यावर माती चिकटू नये म्हणून मधे लेप देऊन, खऱ्या घंटेच्या जाडीइतकी माती चढवतात. तिच्यावर मेणाची अक्षरे, संतांच्या प्रतिमा, वेलबुट्टी आणि देणगीदाराचे चिन्ह बसवतात. तिसरा थर झगा. आधी मेणाच्या बारीकसारीक रेषाही उमटाव्यात म्हणून अगदी पातळ मातीचे हात कुंचल्याने देतात. तो थर वाळल्यावर जाड माती, तागाचे तंतू आणि लोखंडी तार यांनी त्याला बळकटी आणतात. आतल्या विस्तवाने मेण वितळते आणि अक्षरांचे ठसे झग्याच्या आतल्या बाजूला राहतात. मग झगा उचलतात, खोटी घंटा फोडून काढतात आणि झगा पुन्हा गाभ्यावर उतरवतात. खोट्या घंटेने सोडलेल्या पोकळीत कांसे भरायचे असते.

झगा उतरवतानाचा क्षण सर्वांत नाजूक. तो बोटभर जरी एका बाजूला सरकला तरी घंटेची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. अशी घंटा वाजवली की स्वर डळमळतो, दोन आवाज एकमेकांवर चढल्यासारखे ऐकू येतात. ओल हा दुसरा शत्रू. मातीत पाणी राहिले तर तापलेल्या धातूने त्याची वाफ होते, मग घंटेला छिद्रे पडतात किंवा साचाच फुटतो. त्यामुळे वाळवण्याची घाई इथे कोणी करत नाही. मोठ्या घंटेला या सगळ्यात महिने जातात.

तयार साचा भट्टीसमोरच्या खड्ड्यात उभा करून भोवती माती ठोकून घट्ट बसवतात. सैल राहिली तर धातूच्या दाबाने झगा उचलला जातो आणि कांसे खालून निसटते. धातूचे प्रमाण तांबे ७८ आणि कथील २२. कथील याहून वाढले तर घंटा ठिसूळ होते आणि टोलाने तडकते. कमी पडले तर आवाज बसका येतो. मूर्तीच्या कांशात कथील याच्या निम्म्याच्या आसपास असते, म्हणून जुन्या मूर्ती वितळवून चांगली घंटा होत नाही. लाकडाच्या भट्टीत तांबे आधी वितळवतात आणि कथील शेवटी घालतात, कारण ते लवकर जळते. रस सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सियसला तापला की भट्टीचे तोंड फोडतात. विटांच्या पन्हळीतून तो साच्यात जाताना पाद्री मारियामातेची नामावली म्हणतो आणि कामगार उत्तर देतात. ओतकाम मिनिटांत उरकते, घंटा गार व्हायला मात्र दिवस लागतात. घाईने उकरली तर ती आकसताना तडा जाऊ शकतो. शेवटी छिन्नी, घासकाम आणि स्वरकाट्याने (ठरावीक स्वर देणाऱ्या धातूच्या चिमट्याने) तपासणी.

टोल घंटेपेक्षा मऊ लोखंडाचा घेतात, म्हणजे झीज टोलाची होते. तरी एकाच जागी वर्षानुवर्षे मार बसून खळगा पडतो. अशी घंटा तडकण्याची वाट न पाहता थोडी फिरवून टांगली की टोलाला नवी जागा मिळते. एवढ्या साध्या देखभालीअभावी गेलेल्या घंटा कमी नाहीत.

न्दोच्चाता : ८ आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी निघणारी मशालींची मिरवणूक. पूर्वी ती नाताळच्या आदल्या रात्रीच निघे. ८ डिसेंबर १९९६ रोजी ती रोममध्ये पोपसमोर सेंट पीटर चौकात झाली, आणि पुढे ८ डिसेंबरचा सोहळाच मोठा ठरला. मशाल पांढऱ्या फर वृक्षाच्या चिरलेल्या फळ्यांची असते, तीन-चार मीटर उंच. फळ्यांच्या मधे वाळलेल्या झुडपाच्या काटक्या भरून ती सुतळीने जागोजागी आवळतात. राळेमुळे लाकूड तडतडत जळते, पण काटक्या दमट असतील तर ज्वाळेऐवजी धूरच होतो. एकटी मशाल नवशिक्याला देतात. तरबेज गडी सम संख्येत, वीसपर्यंत मशाली पंख्यासारख्या आडव्या दांड्यावर बांधून खांद्यावर घेतात आणि स्वतः मधोमध उभे राहतात. एका बाजूच्या मशाली वाऱ्याने लवकर जळाल्या की तोल जातो, त्यामुळे वाहणारा चालताना सतत भार सावरत असतो. अंगावर काळा झगा असतो. मिरवणूक सांत आन्तोनिओ चर्चच्या मोठ्या घंटेच्या इशाऱ्याने सुरू होते, आणि शेवटी उरलेल्या मशाली एकाच होळीत टाकतात. रोमनपूर्व काळी इथे राहणाऱ्या सॅम्नाइट लोकांपर्यंत तिचे मूळ नेतात, पण वाड्या-वस्त्यांवरचे शेतकरी मध्यरात्रीच्या प्रार्थनेला येताना वाट उजळत, हे स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे आहे.

इतर कसब : वेर्रिनोच्या पाण्यावर चालणाऱ्या हातोड्यांमुळे इथे तांबटकाम वाढले. डोक्यावर पाणी वाहण्याचा निमुळत्या कमरेचा हंडा हे इथले ओळखीचे भांडे. मठारताना तांबे कडक होत जाते, म्हणून मधूनमधून तापवून नरम करावे लागते, नाहीतर काठ चिरतो. स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कल्हई करतात. मिठाईत ओस्तिए नावाची चकती आहे. प्रसादाच्या पातळ पापडीसारख्या दोन पापड्यांमध्ये अक्रोड, बदाम, मध आणि चॉकलेट यांचे सारण भरलेले असते. काचोकावाल्लो चीज जोडीने बांधून दांडीवर टांगत मुरवतात. मेंढपाळांच्या हंगामी स्थलांतराची चेलानो–फोज्जा वाट गावाजवळून जाते. अशा राजवाटांची पूर्ण रुंदी १११ मीटर असे.

वास्तू : सांत एमिदिओ हे भूकंपापासून रक्षण करणाऱ्या संताचे चर्च आस्कोली शहराच्या व्यापाऱ्यांनी बांधले अशी परंपरा आहे, आणि आस्कोलीचा हाच पालकसंत असल्याने ती विश्वासार्ह वाटते. सान मार्को हे गावातल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी. संत मार्क हा व्हेनिसचा पालकसंत आणि सिंह त्याचे चिन्ह, म्हणून घरांच्या दारांवरचे दगडी सिंह आणि हे नाव यांवरून इथे व्हेनिसचे कारागीर वसल्याची कथा सांगतात. सान फ्रान्चेस्कोच्या दर्शनी भिंतीवर गॉथिक दरवाजा आणि चक्राकार खिडकी आहे. धर्माबाहेरची खूण म्हणजे इतालो-आर्जेन्तिनो नाट्यगृह : अर्जेंटिनात पोटापाण्यासाठी गेलेल्या गावकऱ्यांनी पाठवलेल्या पैशांतून ते उभे राहिले.